एसएसईपी जागेवर, एमईपी गायब: सोलापुरातल्या एका ॲन्युरिझम क्लिपिंगची केस

एसएसईपी म्हणजे हातापायाकडून मेंदूकडं जाणाऱ्या संवेदनेच्या संदेशाची तपासणी, एमईपी म्हणजे मेंदूकडून हातापायाकडं येणाऱ्या हालचालीच्या संदेशाची, दोन्ही ऑपरेशन चालू असतानाच करायच्या. ॲन्युरिझम म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा, आणि क्लिपिंग म्हणजे त्याच्या बुडाशी चिमटा लावून तो बंद करणं. ही केस लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडं अजूनही बरेच जण म्हणतात की एसएसईपी लावलंय ना मग बास की, एमईपीची कटकट कशाला, त्याला भूल वेगळी द्यावी लागते, पेशंट मधेच हलतो, सर्जन वैतागतात. या केसमध्ये एसएसईपी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठणठणीत होतं आणि तरी बाईंची उजवी बाजू जायच्या बेतात होती. पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी सर्जन नाही आणि भूलतज्ज्ञही नाही, मॉनिटरिंगवाला आहे, म्हणजे मेंदूचं किंवा मणक्याचं ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या डोक्याला आणि हातापायाला सुया लावून कोपऱ्यात स्क्रीनसमोर बसलेला माणूस.

पेशंट ५४ वर्षांच्या, विडी घरकुलात राहणाऱ्या, जन्मभर विड्या वळलेल्या. मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर. बीपी होतं, गोळी होती, पण गोळी डोकं दुखलं की घ्यायची असा घरचा नियम. मिश्री दिवसातून तीनचार वेळा, ती त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, सुनेनं सांगितली. तक्रार अशी की डाव्या डोळ्याच्या मागं ठणकायला लागलं आणि दोन दिवसांत डावी पापणी खाली आली, बोटानं उचलली की एकाचे दोन दिसायचे. घरच्यांना वाटलं डोळ्याचं आहे म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं, आणि इथं त्या डॉक्टरांना मानलं पाहिजे, कारण त्यांनी चष्मा, थेंब वगैरे काही न करता टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या बघितल्या. डावी बाहुली मोठी होती आणि उजेडाला हलत नव्हती, डोळा खाली आणि बाहेर वळलेला होता. म्हणजे डोळा, पापणी आणि बाहुली हलवणारी तिसरी क्रेनियल नर्व्ह गेलेली. शुगरमुळं ही नर्व्ह गेली तर बहुतेक वेळा बाहुली वाचते, कारण बाहुलीचे धागे नर्व्हच्या बाहेरच्या थरात असतात आणि शुगरचा मार आतल्या भागाला बसतो. बाहुली मोठी झालीय म्हणजे बाहेरून काहीतरी दाबतंय, असं धरून चालायचं आणि त्याच दिवशी अँजिओ करायचा. तसंच झालं.

सीटीत रक्तस्राव नव्हता. सीटी अँजिओत डाव्या इंटर्नल कॅरॉटिडवर, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या आर्टरीवर, पोस्टेरियर कम्युनिकेटिंग आर्टरी जिथून निघते तिथं साधारण ७ मिलिमीटरचा फुगा, तोंड मागं आणि बाहेरच्या बाजूला. तिसरी नर्व्ह बरोबर तिथूनच जाते त्यामुळं गणित जुळलं. फुटलेला नाही म्हणून निवांत राहायचं असं यात नसतं, नर्व्ह नव्यानं दबलीय म्हणजे फुगा अलीकडं वाढलाय किंवा बदललाय, तो कधीही फुटू शकतो असं समजून पुढची पावलं उचलायची. जाता जाता, १९३७ साली वॉल्टर डँडी यांनी ॲन्युरिझमच्या मानेला, म्हणजे फुगा जिथून निघतो त्या बुडाला, पहिली क्लिप लावली ती केसही कॅरॉटिडचीच होती आणि तिथंही तिसरी नर्व्ह गेलेली होती. तेव्हा ना मायक्रोस्कोप, ना अँजिओची आजची सोय. असो.

क्लिप की कॉइल (कवटी न उघडता रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुग्यात तार भरणं) यावर दोन दिवस चर्चा झाली. नातेवाईक हैदराबादला आहेत, त्यामुळं तिकडं न्यायचं का, नाहीतर पुण्याला, अशी बैठक हॉस्पिटलच्या जिन्यातच बसली, तेलुगू आणि मराठी दोन्ही एकदम. कॉइल हा चांगला पर्याय आहे हे सर्जननी स्वतः सांगितलं, उगाच क्लिपच भारी असं नाही. पण इथं फुग्याची मान थोडी रुंद होती, आणि नर्व्ह दबलेली असताना क्लिप लावून फुग्यावरचा ताण काढला तर नर्व्ह सुधारायची शक्यता जास्त असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शिवाय अशा फुग्याला घेऊन अडीचतीनशे किलोमीटरचा रस्ता कोण करणार. ठरलं, सोलापुरातच क्लिपिंग.

आता यातली खरी भानगड. पोस्टेरियर कम्युनिकेटिंगच्या थोडं पुढं, काही मिलिमीटरवर, त्याच कॅरॉटिडमधून अँटेरियर कोरॉइडल नावाची आर्टरी निघते. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, दिसायला अगदीच किरकोळ, पण ती इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या भागाला रक्त देते आणि मेंदूकडून हातापायाला जाणाऱ्या हालचालीच्या सगळ्या तारा तिथं दाटीवाटीनं एकत्र बांधल्यासारख्या खाली उतरतात. वर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, एवढासा स्ट्रोक झाला तर कदाचित फक्त बोटं जातील, कॅप्सूलमध्ये तेवढाच झाला तर अख्खी बाजू जाते. फुग्याचं तोंड मागं असलं की ही आर्टरी नेमकी त्याच्या आडोशाला असते, कधी भिंतीला चिकटलेली असते. सर्जनना क्लिपचं पुढचं पातं दिसतं, मागच्या पात्याचं टोक कुठं गेलंय ते पूर्ण दिसत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन हातपाय तपासले. हे मी कायम करतो, कारण उद्या स्क्रीनवर जे दिसेल त्याला आजच्या हाताचा संदर्भ पाहिजे. मूठ दोन्हीकडं सारखी, पायाची ताकद सारखी, उजव्या तर्जनीला आणि अंगठ्याला विड्या वळून घट्टे. म्हटलं मावशी, अंगठा आणि करंगळी जुळवा बघू, जोर लावतो मी, सोडू नका. त्यांनी जुळवलं आणि मला काय सोडवेना. मग त्यांनी विचारलं, "उजवा हात चालंल न्हवं नंतर? कात्री धरायला लागते मला, पान कापायला." मी म्हटलं उद्या दिवसभर त्याच हातावर नजर ठेवून बसायचं माझं काम आहे. चालेलच असं म्हटलं नाही, तसं कुणीच म्हणू नये.

त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं भूलतज्ज्ञ मॅडमबरोबर. एमईपी म्हणजे काय तर डोक्याच्या कातडीवरून करंटचे बारीक झटके द्यायचे, ते मोटर कॉर्टेक्सला उठवतात, संदेश कॅप्सूलमधून, ब्रेनस्टेममधून, मणक्यातून खाली येतो आणि हाताचा स्नायू आकसतो, त्या आकसण्याची लाट आपण सुईनं पकडतो. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी जाग्या माणसात कवटीवरून असा झटका देऊन हात हलवून दाखवला होता, पण भूल दिलेल्या माणसात एका झटक्यानं काम होत नाही, एकामागोमाग चारपाच झटक्यांची माळ लागते, ते जमायला नव्वदचं दशक उजाडलं. आता या साखळीत शेवटची कडी स्नायू आहे, म्हणजे स्नायू शिथिल करायचं औषध चालू असेल तर लाट येणारच नाही. आणि आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेनसारखे वास देऊन झोपवणारे गॅस जास्त असले तरी लाट मरते. म्हणून भूल शिरेतून, प्रोपोफॉल आणि फेंटॅनिलवर, मसल रिलॅक्संट फक्त ट्यूब टाकताना एकदा, परत नाही. मॅडमना हे माहीत होतंच, त्यांची काळजी वेगळी होती, की मायक्रोस्कोपखाली क्लिप हातात असताना पेशंट खोकला किंवा हलला तर? रास्त काळजी आहे. ठरलं असं की झोप खोल ठेवायची, डोक्याच्या कातडीला लोकल ब्लॉक द्यायचा म्हणजे डोकं धरणाऱ्या क्लॅम्पच्या पिना टोचत नाहीत, आणि प्रत्येक एमईपीच्या आधी मी मोठ्यानं "स्टिम देतोय" म्हणायचं, सर्जननी "थांब" म्हटलं तर थांबायचं. हे ऐकायला साधं वाटतं पण ज्या ओटीत हे आधी ठरलेलं नसतं तिथं पहिल्याच झटक्याला सर्जन ओरडतात आणि मग दिवसभर मॉनिटरिंग नावालाच उरतं.

सकाळी ट्यूब पडल्यावर मांडणी. डोक्यात स्क्रूसारख्या वळणाच्या सुया, दोन्ही बाजूंच्या मोटर भागावर, डावीकडची सर्जनच्या छेदापासून मागं सरकवलेली. हातात अंगठ्याच्या बुडाचा फुगीर स्नायू आणि तर्जनी-अंगठ्यामधला स्नायू, पायात नडगीचा पुढचा स्नायू आणि तळपायाचा अंगठ्याकडचा, सगळं दोन्ही बाजूंना. एसएसईपीसाठी मनगटाशी मीडियन नर्व्ह आणि घोट्याशी टिबियल. वरून दोन ईईजी चॅनल, झोपेची खोली बघायला. दाढांमध्ये दोन्हीकडं गॉजच्या घट्ट गुंडाळ्या आणि जीभ मोकळी आहे का ते बोटानं तपासलं, कारण झटक्याला जबडा कचकन मिटतो आणि जीभ चावली जाण्याचा धोका खरा आहे. ही गुंडाळी मी स्वतः बघितल्याशिवाय पहिला झटका देत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

मग नेहमीचा त्रास, ५० हर्ट्झची गुणगुण. टेबलाची वायर, वॉर्मर, मायक्रोस्कोप, एकेक प्लग काढून बघत शेवटी ब्लड वॉर्मरचा प्लग दुसऱ्या सॉकेटला लावल्यावर रेषा शांत झाली. एप्रिलचा महिना, बाहेर पारा ४२ च्या पुढं, आणि आत एसी इतका की पेशंट गार पडायला लागला. शरीर गार झालं की सिग्नल उशिरा येतात आणि मग उगाच शंका, म्हणून गरम हवेचं पांघरूण आणि धुवायचं सलाईन कोमट, हे सिस्टरना आधीच सांगितलेलं.

टीओएफला, म्हणजे नर्व्हला चार झटके देऊन स्नायू किती वेळा हलतो बघायच्या तपासणीला, चारपैकी चार ठोके आले, म्हणजे रिलॅक्संट उतरलं, आणि पहिली बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची सुरुवातीची नोंद, घेतली. एसएसईपीत दोन्ही हातांची एन२० लाट (मनगटाला झटका दिल्यावर मेंदूत उमटते ती) २० मिलिसेकंदांच्या आसपास, सुरेख. एमईपी उजव्या हातात साधारण ९०० मायक्रोव्होल्ट, डाव्या हातात ११००. कवटी उघडून ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण, कापल्यावर मेंदूभोवतीचं पाणी निघून जातं, मेंदू थोडा खाली बसतो, मधे हवा येते, त्यामुळं तीच लाट आणायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून खरी बेसलाइन ड्युरा उघडल्यावर परत घ्यायची. आणि व्होल्टेज लागेल तेवढंच, उंबरठ्याच्या थोडंसं वर. लाट मोठी दिसावी म्हणून व्होल्टेज भरमसाट वाढवलं तर करंट खोल जाऊन कॅप्सूलच्या खालीच तारांना उठवतो, मग वर रक्त बंद असलं तरी खाली हात हलतो आणि आपण म्हणत बसतो सगळं ठीक आहे. स्क्रीनवर मोठी देखणी लाट दिसतेय म्हणून खूश होणारे लोक मी बघितलेत, ती लाट कधीकधी सगळ्यात खोटारडी असते.

कानशिलाजवळच्या टेरियोनल रस्त्यानं, मेंदूची सिल्व्हियन फिशर नावाची घडी उघडून सर्जन कॅरॉटिडपर्यंत पोचले. फुगा नर्व्हला चिकटलेला. मान मोकळी करताना कॅरॉटिडवर टेम्पररी क्लिप लावली, मॅडमनी बीपी थोडं वर नेलं, मी मिनिटं मोजत मोठ्यानं सांगत होतो. तीन मिनिटांनी काढली. एसएसईपीची उंची वीसेक टक्के कमी झाली आणि परत आली. गजर वाजवायचा तो उंची निम्म्यानं कमी झाली किंवा वेळ १० टक्क्यांनी वाढली तर, त्यामुळं इथं फक्त नोंद. एमईपी हलला नाही.

१२:४० ला कायमची क्लिप लागली. सर्जन खूश, ओटीत थोडं सैल वातावरण, कुणीतरी चहाचं बोललं. १२:४२ ला एमईपी, उजवा हात ८५०. रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या मायक्रो डॉपलरनं कॅरॉटिड आणि पोस्टेरियर कम्युनिकेटिंग दोन्हीत आवाज छान. मग आयसीजी दिलं, हा हिरवा डाय शिरेतून देऊन मायक्रोस्कोपमधल्या इन्फ्रारेडनं रक्तवाहिन्या उजळलेल्या बघतात. फुगा काळा, म्हणजे बंद. कॅरॉटिड उजळली. कोरॉइडल क्लिपच्या मागं, दिसतच नव्हती.

१२:४६ ला "स्टिम देतोय" म्हटलं आणि उजव्या हाताची लाट ३१० वर आली. पहिल्या घसरणीलाच बोलायचं असा माझा नियम, म्हणून बोललो, "सर, उजवा हात एक तृतीयांशवर आलाय, परत घेतो." परत घेतला, ९०. उजव्या पायात एक बारीकशी वळवळ. डावा हात ११००, जसाच्या तसा.

या क्षणी काय तपासायचं याचा क्रम डोक्यात पक्का पाहिजे, कारण मशीन खोटं बोलतंय का हा प्रश्न सर्जन विचारणारच आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. शेडमधला एक लूम थांबला तर दोष त्या लूममध्ये, सगळे थांबले तर लाईट गेली, इतकं साधं आहे हे. डावा हात तसाच आहे म्हणजे भूल, रिलॅक्संट, बीपी, तापमान ही सगळ्या शरीराला लागू होणारी कारणं बहुतेक बाद. तरी मॅडमना विचारलं, प्रोपोफॉलचा बोलस, म्हणजे एकदम जास्तीचा डोस, दिला का, नाही. टीओएफ चारपैकी चार. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ७४. उजव्या हातातल्या सुयांचा इंपीडन्स, म्हणजे जोडणीतला अडथळा, ठीक, आणि पायही पडलाय म्हणजे एक सुई निघाली असं नाही. व्होल्टेज एकदाच थोडं वाढवून बघितलं, फरक नाही. आणि या सगळ्यात एसएसईपी? उजव्या हाताची एन२० बेसलाइनवर बसवली तर एकावर एक रेषा. म्हणजे मी जर फक्त एसएसईपी बघत असतो तर त्या क्षणी सर्वांबरोबर मीही चहाचंच बोलत असतो.

सर्जन म्हणाले, "डॉपलर तर मस्त वाजतोय रे." मी म्हटलं, "कॅरॉटिडचा वाजतोय सर, कोरॉइडल आपल्याला दिसली नाही. डावा हात ठीक आहे, एसएसईपी ठीक आहे, उजवा मोटर गेलाय. हे कॅप्सूलचंच दिसतंय." दोन सेकंद शांतता आणि मग, "काढतो." मॅडमनी नॉरॲड्रेनालिन वाढवायला हात घातला आणि तिथंच विचारलं, "सर, क्लिप निघाली की फुगा उघडा पडणार, किती वर नेऊ?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं सिग्नल गेला की बीपी वाढवा, पण न बांधलेल्या फुग्यावर बीपी चढवणं म्हणजे तो फोडायला मदत. ठरलं ८५ पर्यंत, त्यापुढं नाही.

१२:५१ ला क्लिप निघाली. मायक्रोस्कोपच्या टीव्हीवर आम्हाला सगळ्यांना दिसलं, मागच्या पात्याच्या टोकाशी एक फिकट, चपटी झालेली बारीक वाहिनी, मुळाशीच दुमडलेली, पातं हटल्यावर ती हळूहळू लाल झाली. सर्जननी हातातलं सगळं थांबवलं आणि नुसती वाट बघितली. १२:५५ ला उजव्या हातात पहिली लाट, १५०. १३:०२ ला ७००. पाय त्यानंतर आला.

दुसऱ्यांदा छोटी आणि वेगळ्या वळणाची क्लिप घेतली, कोन बदलला, आणि कोरॉइडलच्या बाजूला मानेचा एक छोटासा कोपरा मुद्दाम सोडला. शंभर टक्के बंद करायच्या हट्टात ती आर्टरी परत ओढली गेली असती. यावेळी आधी आर्टरीच्या मागं बारीक हत्यार घालून ती मोकळी आहे का ते बघितलं मग क्लिप मिटली. पहिली दहा मिनिटं मी दर मिनिटाला एमईपी घेतला, नंतर ड्युरा शिवेपर्यंत दर पाच मिनिटांनी. एवढं थांबायचं कारण म्हणजे क्लिप लागल्यावर लगेच लाट चांगलीच असते, रक्त बंद झाल्यावर तारा थकायला थोडी मिनिटं जातात, पहिल्या वेळीही १२:४२ ला सगळं छान होतंच की. मेंदू बाजूला धरणारा रिट्रॅक्टर काढला की मेंदू परत जागेवर येतो आणि क्लिप फिरू शकते, तेव्हाही एकदा घ्यायचा, तो घेतला. शेवटचा आकडा उजव्या हाताचा ८८०.

एसएसईपी का नाही हललं हे नवीन लोकांना नीट कळावं म्हणून थोडं लांबवतो. एसएसईपी हा उलटा रस्ता आहे, मनगटाकडून मणक्याच्या मागच्या बाजूनं, ब्रेनस्टेममधून थॅलॅमसला आणि तिथून वर संवेदनेच्या कॉर्टेक्सला. हालचालीचा रस्ता वेगळा, उतरणारा. कॅरॉटिड किंवा मिडल सेरेब्रल बंद झाली तर कॉर्टेक्सच उपाशी राहतो आणि दोन्ही रस्ते पडतात, तिथं एसएसईपी चांगला पहारेकरी आहे. मेंदूत १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं, ते २० च्या खाली गेलं की लाटा खचायला लागतात आणि १० च्या आसपास गेलं की पेशी मरायला लागतात, त्या मधल्या पट्टीत आपल्याला वेळ मिळतो. पण कोरॉइडलसारखी, नाहीतर लेंटिक्युलोस्ट्रायेटसारखी बारीक आर्टरी बंद झाली तर फक्त कॅप्सूलमधला हालचालीचा जुडगा उपाशी राहतो आणि संवेदनेचा रस्ता शेजारून बिनबोभाट चालू राहतो. आणखी एक, एसएसईपीची लाट इतकी बारीक असते की शेकडो वेळा घेऊन सरासरी काढावी लागते, त्यात मिनिट-दीड मिनिट जातं आणि रक्त थांबवायची विजेची कॉटरी चालू असली की परत पहिल्यापासून. एमईपी झटक्यांच्या एका माळेत कळतो. दोन्ही लावायचे, एकाच्या जागी दुसरा नाही.

आता एक प्रामाणिक आक्षेप, तो माझ्या एका मित्रानं घेतलाच. क्लिप काढली, लाट आली, हात वाचला, पण क्लिप तशीच ठेवली असती तर हात गेलाच असता कशावरून? सिद्ध करता येणार नाही. लाट गेलेली असताना क्लिप तशीच ठेवून बघू असं कुणी करणार नाही, म्हणून या विषयातला पुरावा बहुतेक सगळा केसेस गोळा करून मागं वळून बघितलेला आहे. त्यात चित्र असं की लाट गेली आणि परत आलीच नाही त्या पेशंटना नवा लकवा येण्याचं प्रमाण खूप जास्त, परत आली त्यांना कमी, आणि आलाच तर बऱ्याचदा तात्पुरता. मला स्वतःला एवढं पुरेसं आहे, कारण दुमडलेली आर्टरी तर आम्ही डोळ्यांनी बघितली. उलटा धोका मात्र मोठा मानतो, की मॉनिटरिंग चांगलं होतं म्हणून पेशंट चांगलाच उठणार. बोलणं, आठवण, नजर यातलं काहीही या लाटा सांगत नाहीत. फुटलेल्या ॲन्युरिझममध्ये चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तवाहिन्या आकसून जो स्ट्रोक येतो तो तर ओटीतून बाहेर पडल्यावरचा मामला, तिथं माझं मशीन आवरून घरी गेलेलं असतं.

बाई त्याच संध्याकाळी जाग्या झाल्या. मॅडमनी दोन बोटं उजव्या हातात दिली, दाबली. हात पुढं करून धरायला सांगितला तर उजवा किंचित खाली वळत होता, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तेही गेलं. सीटीत नवीन काही नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर कॉटवर बसून डाव्या हातानं पापणी वर धरून उजव्या हातानं भाकरी चटणीत बुडवत होत्या, शेंगाचटणी घरून आलेली, डाएटवाल्या सिस्टरच्या नजरेआड. अंगठा-करंगळीची परीक्षा परत घेतली, ताकद ऑपरेशनच्या आदल्या दिवसाइतकीच. पापणी लगेच उघडत नाही, नर्व्ह सुधारायला आठवडे-महिने लागतात हे घरच्यांना चारदा सांगावं लागलं कारण त्यांच्या दृष्टीनं ऑपरेशन डोळ्याचंच होतं आणि डोळा तर अजून बंद. सहा आठवड्यांनी पापणी निम्मी उघडली होती, बाहुली थोडी मोठीच, दोन दोन दिसणं वर बघितल्यावरच.

खर्चाचं एक सांगतो. पॅकेजमध्ये मॉनिटरिंगची वेगळी ओळ नव्हती, सुया एकदाच वापरायच्या असतात आणि त्या स्वस्त नाहीत, तो भाग मुलानं वेगळा भरला. माझं मत असं की मॉनिटरिंगची गरज सगळ्या ॲन्युरिझमना सारखी नसते, पण फुग्याचं तोंड कोरॉइडलकडं असेल तर एमईपी हा ऑपरेशनचा भाग धरावा आणि खर्च आधीच सांगावा, ऐनवेळी जिन्यात नाही.

तीन महिन्यांनी अँजिओ झाला. फुगा बंद, कोरॉइडल भरतेय, कोरॉइडलच्या बाजूला मानेचा जो कोपरा सोडला होता तो साधारण एक मिलिमीटर दिसतोय, क्लिप टायटॅनियमची असल्यानं पुढं एमआरआयलाही अडचण नाही. तो कोपरा वाढतोय का हे बघायला वर्षानं परत सीटी अँजिओ. बीपीची गोळी आता रोज, डोकं दुखो न दुखो. मिश्री बंद केलीय असं त्या म्हणतात, सून मान हलवते, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मोठ्या बहिणीला लहानपणीच डोक्यात रक्तस्राव होऊन गेल्याचं नंतर कळलं, तो कशामुळं ते कुणाला माहीत नाही, पण सख्ख्या नात्यात दोन जणांना ॲन्युरिझम असेल तर बाकीच्यांची तपासणी करावी म्हणतात, त्यामुळं धाकट्या बहिणीला आणि मुलाला एमआर अँजिओ करून घ्यायला सांगितलंय. मुलाचा झाला, ठीक आहे. बहीण हैदराबादला असते, तिचा अजून बाकी आहे.